कडीवहिनीचे मऊ हात

आमच्या गल्लीत कडीवहिनीला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. मारली तर तिचं तिलाच कळायचं नाही की आपल्याला बोलावताहेत. घरातून निघायची, दाराला कडी घालायची, कुलूप लावायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथून परत. कडी ओढून बघायची. पुन्हा कोपरा. मग गॅस आठवायचा. पुन्हा परत. एकदा तर अशी परत आली आणि दारातच थबकली. समोरच्या दुकानदाराला विचारते, "अहो, मी कशासाठी परत आले?"

"कडी बघायला."

"बघितली का मी?"

"तुम्ही नाही, पण मी बघितली. लागलीये."

"तुम्ही बघून काय उपयोग?" असं म्हणून तिने कडी ओढून बघितली आणि गेली. दुकानदार ही गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतो, आणि प्रत्येक वेळी तिच्या फेऱ्या एकाने वाढवतो.

तर अशी ही बाई. डोक्यात चोवीस तास धाकधूक, पण गंमत बघा, त्यातली एक रती हातात उतरलेली नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केसांचं दुकान. दोन खुर्च्या, एक बेसिन, रस्त्याकडे भली मोठी काच. त्या बेसिनवर मान टेकवली की भल्याभल्या भांडकुदळ बायका घोरायला लागतात. केस स्वच्छ झाले हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं, असं ती म्हणते. ओला केस दोन बोटांत धरून ओढला की त्याने बारीकसं 'कुई' केलं पाहिजे. केस कुई म्हणाला की साबण गेला. नाही म्हणाला तर आणखी पाणी.

तिचा नवरा म्हणजे गल्लीतला भोंगा. उभा जन्म जहाजाच्या तळाशी, इंजिनाला तेल घालण्यात गेला. तिथे कानाशी ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे निवृत्त होऊन घरी आला तरी आवाज तळघरातलाच राहिला. बायकोच्या कानात काही गुपित सांगायला गेला तर समोरून दुकानदार उत्तर द्यायचा. मोठा प्रेमळ माणूस, पण सांगायचं काय, प्रेमसुद्धा सायरन वाजवल्यासारखं करायचा.

तो भोंगा एके दिवशी वाजायचा बंद झाला, आणि कारण झाली ती बोट.

बंदराबाहेरच्या खडकावर एक मालवाहू बोट चढली आणि तिचं पोट फाटलं. इंजिनाचं जाड, काळं तेल पाण्यावर पसरलं. लाटेचा आवाजसुद्धा बदलला. लाट फुटायची नाही, नुसती किनाऱ्यावर येऊन पडायची, ओल्या गोणपाटासारखी. आणि त्या काळ्या राड्यात पक्षी. काही मेलेले, काही मरायच्या वाटेवर, काही नुसते बसलेले, जणू आपलं काय झालं हे कुणीतरी येऊन समजावून सांगेल अशी वाट बघत.

बंदराजवळचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना रातोरात दवाखाना झाला. प्राण्यांची एक तरुण डॉक्टरीण तिथे ठाण मांडून बसली आणि तिने मदतीला हात मागितले. जो येईल त्याला एकच प्रश्न, "धुता येतं का?" कडीवहिनी म्हणाली, "दुसरं काय केलंय आयुष्यभर?"

पहिल्या संध्याकाळी ती घरी आली ती कोपरापर्यंत काळी. अंगाला असा वास की गल्लीतलं कुत्रं भुंकायचं सोडून मागे सरकलं. भोंगा दारात उभा होता. "अगं काय ही दशा! काय बघून आलीस?"

"तुमच्या लोकांनी केलंय ते बघून आले," ती म्हणाली.

बस. एवढंच वाक्य. पण त्यात एक जुनी गोष्ट होती. लग्नानंतर कधीतरी, सुट्टीवर आलेला असताना, भोंग्याने हसत हसत तिला सांगितलं होतं, की जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलाचं पाणी ते लोक अंधारात, भर समुद्रात, पाइप लावून गुपचूप सोडून द्यायचे. वरून गाणी म्हणायचे. तेव्हा तीही हसली होती. समुद्र केवढा, आणि ते पाणी केवढं! आता ते हसणं दोघांनाही आठवलं. भोंगा काही बोलला नाही. आणि जो माणूस कधी गप्प बसला नाही तो गप्प बसला की घरातल्या भिंतीसुद्धा कान टवकारतात. त्या दिवसापासून त्या घरात दोनच शब्द. "चहा." "ठेवलाय."

गल्लीला आधी बरं वाटलं, दुपारची झोप मिळायला लागली. मग चैन पडेना.

कारखान्यात काम कसं चालायचं ते वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, मान बेसिनवर असल्यामुळे त्यांना पळता यायचं नाही. पक्षी आला की लगेच धुवायचा नाही. आधी ऊब, नळीने पाणी, नळीने पातळ खाणं. अंगात जीव आला तरच आंघोळ, नाहीतर आंघोळीनेच जायचा. मग भांडी घासायचा साबण आणि कोमट पाण्याचे टबामागून टब. एक जण धरणार, एक धुणार, डोळ्यांभोवती दात घासायच्या ब्रशने. पाणी काळं झालं की पुढचा टब. आणि शेवटी नळ. चार नळ होते, त्यातला एक वहिनीचा.

"साबण काढणं हेच खरं काम," डॉक्टरीण पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "पक्ष्याची पिसं एकमेकांत अडकून कौलांसारखी बसतात, म्हणून पाणी आत जात नाही. तेल लागलं की कौलं सरकली. साबण राहिला तरी सरकली. पाणी कातडीपर्यंत गेलं की पक्षी गारठतो, जड होतो, बुडतो. त्याला तेलाने मारलं की आपण, हे त्याला कळत नाही."

या शेवटच्या वाक्याने वहिनीला कायमचा चावा घेतला. आधीच ती कडीवहिनी. आता तर प्रत्येक पिसाला कडी होती.

हातमोजे घालायचा नियम होता. वहिनी घालायची, पण शेवटी काढायची आणि उघड्या बोटांनी पिसं चाचपायची. डॉक्टरीण ओरडली. मग तिने बघितलं की वहिनीच्या नळाखालून गेलेले पक्षी कारखान्याच्या आवारात बांधलेल्या तलावात खणखणीत तरंगतात, तेव्हा तिने हात टेकले. "ठीक आहे, फक्त शेवटी. पण हाताला क्रीम नाही, तेल नाही, काही नाही."

"क्रीम लावायला वेळ कुणाला आहे, बाई?" वहिनी म्हणाली, आणि ते खरंच होतं. पहिली तुकडी समुद्रात गेली.

दुसऱ्या तुकडीत सासूबाई आली.

सासूबाई म्हणजे एक मोठा पांढरा पक्षी. डोकं पिवळसर, डोळे फिक्या निळ्या रंगाचे, चोच सुरीसारखी. उंचावरून बाणासारखी पाण्यात घुसून मासा पकडणारी जात. शास्त्रातलं नाव डॉक्टरीणबाईंना ठाऊक. पण आल्या आल्या तिने एकाचा चष्मा पाडला, दुसऱ्याची टोपी हिसकावली आणि खायला घातलेला मासा उलटा पडला म्हणून तो उचलून मागे फेकला, तेव्हा एका स्वयंसेवक बाईच्या तोंडून आपसूक निघालं, "अगदी माझ्या सासूबाई!" नाव चिकटलं. नर असेलही, कुणी विचारायची हिंमत केली नाही.

वहिनीचा तिच्यावर जीव जडला. का, ते सांगता येत नाही. कदाचित त्या कारखान्यात न घाबरणारा तो एकच प्राणी होता.

सासूबाईची आंघोळ झाली, नळ झाला, वाळवण झालं. तलावात सोडली. आणि थोड्याच वेळात ती काठावर चढून बसली, थरथरत. पिसं बाजूला करून बघितली तर आतली लव ओली.

"साबण राहिला असेल," डॉक्टरीण म्हणाली. "होतं असं."

पुन्हा आंघोळ. या वेळी वहिनीने नळाखाली इतका वेळ धरली की धरणाऱ्या माणसाचे हात भरून आले. पुन्हा तलाव. पुन्हा काठ, पुन्हा थरथर. तिच्याबरोबर आलेल्या कुरवांचं, म्हणजे त्या छोट्या समुद्रपक्ष्यांचंही तेच. त्यातला एक कुरव सकाळी काठाशी मान टाकून पडलेला सापडला. वहिनीने त्याला फडक्यात गुंडाळलं आणि त्या दिवशी दुकानात एका बाईचे केस धुताना इतकं पाणी घातलं की बाई म्हणाली, "वहिनी, मी काही भात नाही."

त्यात एकच बरी गोष्ट घडत होती. साबण, गरम पाणी आणि दुकान, या तिघांनी मिळून वहिनीच्या हातांची चाळण केली होती. बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. पण गेले काही दिवस भेगा मिटत चालल्या होत्या. हात मऊ वाटायचे. "काही म्हणा," ती सगळ्यांना सांगायची, "हा भांड्यांचा साबण हातांना फार चांगला. उगाच महागाच्या बाटल्या घेतो आपण." दोघी-तिघींनी लगेच तो साबण आणलासुद्धा. आता त्या हात धरून बसल्यात, ती गोष्ट वेगळी.

तिसरी आंघोळ झाली तेव्हा सासूबाई चावलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली. वहिनीला ते चावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. तलावाच्या कठड्याशी दोघी उभ्या. आत सासूबाई काठावर, पंख अर्धवट पसरून, वाळायला टाकलेल्या छत्रीसारखी.

"मला साबण वाटत नाही आता," डॉक्टरीण म्हणाली. "साबण राहिला असता तर कुठेही राहिला असता, एकाचा पाठीवर, एकाचा शेपटीत. पण सगळ्यांचं एकाच जागी ओलं होतंय. दोन्ही पंखांखाली आणि मानेच्या मागे."

"म्हणजे माझ्याच नळाखाली काहीतरी होतंय."

"मी तसं म्हटलं नाही. पाणी तपासायला दिलंय. माशांचं तेल तलावावर तरंगतंय का तेही बघतेय."

"पण दुसऱ्यांच्या नळाखालचे तरंगताहेत."

डॉक्टरिणीने तलावाकडे बघितलं. मग म्हणाली, "तिला चौथी आंघोळ झेपणार नाही. वजन बघा तिचं. उद्या संध्याकाळपर्यंत ती पाण्यात टिकली नाही, तर मला इंजेक्शन देऊन तिला शांत करावं लागेल. असं कुडकुडत ठेवणं बरोबर नाही. आणि तुम्ही उद्या सकाळी घरी थांबा, वहिनी. थकलात तुम्ही."

'थकलात' म्हणजे 'तुमचा हात लावू नका'. एवढं न कळण्याइतकी वहिनी भोळी नाही. घरी येईपर्यंत तिने तो नळ मनात शंभरदा उघडला आणि बंद केला. पाणी किती गरम होतं? फवारा पिसांच्या उलट्या दिशेने होता ना? कुई ऐकलं होतं का, की ऐकल्यासारखं वाटलं? कडी परत येऊन ओढता येते, धुतलेला पक्षी कसा ओढून बघणार? भोंग्याने पुढे केलेला चहा तिने न बघताच घेतला. तो तिच्या बोटांकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नणंद येऊन खुर्चीत बसली. नणंद वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी.

"हे बघ," नणंदेने डोक्यावरचं फडकं काढलं. "आठ दिवस नाही झाले रंग लावून. आणि कानशिलावर बघ, पांढरे ते पांढरेच! मागेही तेच. लोक विचारतात, अहो, भावजयीने रंगवलं की शाळेतल्या पोराने?"

वहिनीने बघितलं. खरंच की. बाकी डोकं काळंभोर, पण दोन्ही कानशिलांवर आणि मानेवर, जिथे डोकं धरायला ती बोटं टेकवते नेमक्या तिथे, रंग धरलाच नव्हता.

"तेल लावून आला असाल, वन्सं. तेलकट केसांवर रंग चढत नाही."

"मी? मी तेल लावून येईन? काहीतरीच. तेल तुझ्या हाताला असेल!" आणि नणंदबाई आरशातून डोळे मिचकावत हसल्या. "रोज दुपारी नवऱ्याकडून हात चोळून घेतेस, तेही काचेसमोर, अख्ख्या गल्लीला तमाशा! या वयात! माझ्या नवऱ्याने कधी हातात पाण्याचा पेला दिला नाही, आणि माझा भाऊ बघा. बोलत नाही म्हणे दोघं. अशी न बोलणारी माणसं मला चार मिळाली असती तर!"

वहिनीच्या हातातला कंगवा थांबला. "कोण हात चोळतं?"

"आता माझ्यापासून काय लपवतेस?"

"वन्सं, कोण हात चोळतं?"

नणंदेचं हसू ओसरलं. "अगं... तू दुपारी या खुर्चीत झोपतेस ना, पुन्हा कामावर जायच्या आधी. तेव्हा. स्टूल घेऊन बसतो तुझ्यापाशी. डबीतून काहीतरी काढतो आणि एकेक बोट... सगळ्यांनी बघितलंय. दुकानदार तर गिऱ्हाइकांना थांबवून दाखवतो." ती जरा थांबली. "तुला ठाऊक नव्हतं?"

तर ते असं होतं. ज्या बाईला रात्रभर कडीच्या काळजीने डोळा लागत नाही, ती दुपारी खुर्चीत बसली की दगडासारखी झोपते. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तिला ठाऊक आहे. इतकी गोड बातमी, आणि नेमकी जिच्याबद्दल होती तिलाच कुणी सांगितली नाही. चुगल्यांचं हे असंच असतं, घरमालक सोडून सगळ्यांकडे पोहोचतात.

वहिनी नणंदेच्या डोक्यावर फडकं टाकून आत गेली. भोंगा स्वयंपाकघरात पाठमोरा होता.

"डबी कुठेय?"

कित्येक दिवसांत तिने त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट. त्याने खिशातून काढून दिली. बुटाच्या पॉलिशची जुनी डबी. आत पिवळट, घट्ट मलम. मेंढीच्या लोकरीची चरबी, मेण आणि इंजिनाच्या लोकांनाच ठाऊक असलेलं आणखी काहीतरी. कारखान्यातल्या तेलाच्या आणि माशांच्या वासात हा वास कुणाच्या नाकाला लागणार?

"जहाजावर करायचो आम्ही," भोंगा म्हणाला. आवाज इतक्या दिवसांत गंजला होता. "दोर ओढून हात फुटायचे ना, त्यावर. एक नंबर. कितीही धू, खाऱ्या पाण्यानेसुद्धा निघत नाही." हे तो जरा ऐटीतच म्हणाला, आणि मग त्याने तिचा चेहरा बघितला.

"कधीपासून लावताय?"

"तुझ्या बोटांतून रक्त आलं तेव्हापासून."

"मला सांगायचं नाही?"

"तू बोलत होतीस?"

वहिनी खाली बसली. मग तिने सगळं सांगितलं, हळू आवाजात, कारण ओरडायला अंगात बळ नव्हतं. हातमोजे, शेवटची बोटं, पंखांखाली दोन्हीकडे, मानेमागे. पक्षी धरायची तीच तर जागा. नळाचं कोमट पाणी भेगांतलं मलम बाहेर काढत होतं आणि तिची बोटं ते पिसांवर पोचवत होती. मेलेला कुरव. सासूबाई. संध्याकाळ.

भोंगा उभाच होता. डबी त्याच्या हातात परत गेली होती, त्या डबीकडेच बघत तो म्हणाला, "म्हणजे मी परत..." आणि पुढचं गिळलं.

त्या 'परत'मध्ये किती समुद्र होते ते वहिनीला कळलं. हसली होती ना तीही तेव्हा. ती उठली आणि म्हणाली, "चला. चपला घाला."

नणंद तशीच राहिली, डोकं काळं, कानशिलं पांढरी, फडक्यासकट. गल्लीने बघितलं, दोघं घाईघाईने निघाली, कोपरा आला, आणि कडीवहिनी वळलीच नाही! सरळ गेली. दुकानदाराच्या काळजाचा ठोका चुकला. तो स्वतः उठून दाराशी गेला आणि कडी बघितली. उघडी होती, आणि आत आरशासमोर नणंद. जन्मात एकदा बघायची राहिली, तर नेमकी त्याच दिवशी.

कारखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डबी उघडली, वास घेतला, मलमाचा ठिपका पाण्याच्या वाटीत टाकला. पाण्यावर पातळ रंगीत तवंग पसरला. तिने वाटी उजेडात धरून तो तवंग नीट बघितला. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

"पूर्ण आंघोळ नाही," शेवटी डॉक्टरीण म्हणाली. "फक्त तेवढ्याच जागा. दुसऱ्याच्या हाताने, मोजे घालून, पटकन. बाकीची पिसं चांगली आहेत, हे बरं."

"झेपेल तिला?"

"माहीत नाही."

"पण..."

"वहिनी, मला खरंच माहीत नाही." मग तिने भोंग्याकडे बघितलं. "आणि तुम्ही. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही."

भोंग्याने दोन्ही हात खिशात घातले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. दार उघडायची वेळ आली तेव्हा त्याने कोपराने उघडलं, माशी नाकावर बसली तेव्हा नाक उडवलं. एवढा आडदांड माणूस, भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

वहिनीने हात पाठीमागे बांधले. दुसरी एक बाई, मोजे घालून, सासूबाईच्या पंखाखाली साबण लावत होती. वहिनीच्या मते चुकीच्या दिशेने. "उलट्या बाजूने," ती म्हणाली. मग, "पाणी जरा गरम." मग, "मानेला सांभाळून." डॉक्टरिणीने नुसतं वळून बघितलं. वहिनीने ओठ दाताखाली धरले. सासूबाईचा डोळा तिच्यावर होता, फिका निळा, कसलीच दया नसलेला. मध्येच तिने मान सोडून दिली. सगळे थांबले. वहिनीच्या पाठीमागे बांधलेल्या हातांची नखं तळव्यात गेली. मग मान पुन्हा उचलली गेली, इंच इंच.

वाळवायला गरम हवा. मग तलाव.

आता करायचं काही नव्हतं, बघायचं होतं. पक्षी पाण्याबाहेर यायची धडपड करू लागला तर संपलं. सासूबाई काठाशी आली की सगळ्यांचा श्वास थांबायचा. ती काठाला चोच घासायची आणि परत जायची. पुन्हा यायची. वहिनीला वाटायचं, ही मुद्दाम करते. सासूबाईच ती. मग तिने मान मागे वळवली आणि पंखाखाली चोच घातली, एकेक पीस चोचीतून ओढून काढू लागली, नीट, शांतपणे, जणू घरात कुणीच नाही.

"हे चांगलं आहे का?" भोंगा कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. पलीकडच्या खोलीतले पक्षीसुद्धा दचकले.

"चांगलं आहे," डॉक्टरीण म्हणाली, "गप्प राहिलात तर."

संध्याकाळी तिला बाहेर काढली. डॉक्टरिणीने पंख उचलला आणि पिसं बाजूला केली. बोट आत घातलं. बाहेर काढलं. दुसरा पंख. मान. वहिनीला कुणी काही सांगितलं नाही, पण डॉक्टरिणीच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि बोटातून रक्त आलं. सासूबाईने तिला कडकडून चावलं होतं.

"कोरडी आहे," डॉक्टरीण बोट चोखत म्हणाली. "कोरडी आहे, बया."

बाकीच्या कुरवांनाही तसंच धुतलं. एक त्यातूनही गेला. वहिनी ते विसरलेली नाही, आणि तिने विसरू नये असं भोंग्यालाही वाटतं. डॉक्टरिणीने तिला पुन्हा नळावर घेतलं, पण एक अट घालून. "हात फुटलेले असतील तर या. मऊ असतील तर घरी थांबा."

सोडायच्या दिवशी वारा जमिनीकडून होता. किनाऱ्यावरची वाळू बरीच साफ झाली होती, खडकांवर मात्र काळी रेघ तशीच. खोक्याचं झाकण उघडलं. कुरव भुर्रकन गेले. सासूबाई बसून राहिली. खोकं जरा तिरकं केलं. तरी नाही. वहिनी पुटपुटायला लागली, "बाई, जा ना. जा." भोंगा दहा पावलं मागे, हात खिशात.

मग ती बाहेर आली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, वाळूवर धडपडत पळाली, दोनदा पडली असं वाटलं, आणि लाटांच्या वर उचलली गेली. बरीच लांब जाऊन पाण्यावर उतरली. आता नुसता एक पांढरा ठिपका, लाटेमागे जायचा, दिसायचा, जायचा.

लोक टाळ्या वाजवून पांगले. कडीवहिनी हलली नाही. तिला एवढंच बघायचं होतं, की तो ठिपका पाण्यात किती खाली बसलाय. ओला पक्षी खाली बसतो, कोरडा वर. पण तिच्या डोळ्यांना तेवढं लांबचं दिसेना.

"अहो," ती म्हणाली. "दिसतंय का तुम्हाला?"

भोंगा पुढे आला. त्याने खिशातून एक हात काढला, डोळ्यांवर आडवा धरला. जन्मभर तळाशी राहिलेला माणूस, पण वर आला की बघायचं काय ते त्याला ठाऊक होतं. जहाज किती भरलंय हे लांबून ओळखायचं.

"वर बसलीये," तो म्हणाला. "माल उतरवलेल्या जहाजासारखी. अगदी वर."

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा बघा."

त्याने पुन्हा बघितलं.